तगाई पेरणीआधी हवी

२०२४ च्या फेब्रुवारीत बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात चॅलेंजर दर्जाची टेनिस स्पर्धा चालू असताना पात्रता फेरीच्या सकाळी मी तेथे गेलो होतो. मुख्य मैदानाच्या मागच्या अंगाला रॅकेटचे गटिंग करून देणारा कारागीर आपले यंत्र मांडून बसला होता, आणि त्याच्यापुढे बाविशी-तेविशीचा एक खेळाडू, खांद्याला भली रुंद पिशवी अडकवून आणि हातात दोन रॅकेटी धरून, आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा होता. त्याने दर विचारला, क्षणभर मनाशी काही आकडेमोड केली, आणि एक रॅकेट पुन्हा पिशवीत सारीत तो म्हणाला, "काका, ही एकच करा. दुसरी दिल्लीला गेल्यावर बघतो." पुण्यानंतरची स्पर्धा दिल्लीला होती. दुपारी त्याचा सामना मी पाहिला. प्रेक्षक मोजून अकरा होते, आणि दुसऱ्या सेटमध्ये बरोबरी साधून तो तिसऱ्यात हरला. त्याच्या बॅकहॅण्डपेक्षाही ती पिशवीत परत गेलेली रॅकेट माझ्या अधिक ध्यानात राहिली आहे, आणि तिच्या निमित्तानेच हा लेख लिहीत आहे.

व्यावसायिक टेनिसपटू म्हटला की विम्बल्डनची हिरवळ, पांढरे शुभ्र कपडे आणि कोट्यवधींची पारितोषिके आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्या शेकडो स्त्री-पुरुषांनी या खेळाला आपला चरितार्थ मानले आहे त्यांपैकी फारच थोड्यांच्या वाट्याला ते वैभव येते, आणि बाकीच्यांची स्थिती समजून घ्यावयाची तर मराठ्यांच्या घोडदळातला शिलेदार आणि बारगीर हा भेद आठवणे अधिक उपयोगाचे ठरेल. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे; शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार आणि त्यांची उस्तवारी स्वतःच्या पदरच्या खर्चाने करी. आपल्याकडचा वरच्या दर्जाचा क्रिकेटपटू हा, आदराने म्हणतो, बारगीर आहे. त्याचा प्रवास, मुक्काम, प्रशिक्षक आणि वैद्य यांची तरतूद मंडळ करते. टेनिसचा खेळाडू मात्र निखळ शिलेदार आहे, आणि त्यातही शिलेदाराला निदान ठरलेला तनखा मिळे, तोही याला नाही. विमानाचे तिकीट, खोलीचे भाडे, प्रशिक्षकाची फी आणि त्याचाही प्रवासखर्च, तारा, बूट, व्हिसा, हे सारे आधी द्यावयाचे; आणि मिळकत काय व्हावयाची ती मैदानात उतरल्यावर, जिंकला तर.

या व्यवसायाची शिडी कशी रचली आहे ते पाहण्यासारखे आहे. सर्वांत खालच्या पायरीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची एकूण बक्षिसाची रक्कम १५,००० डॉलर असते; तीत पाच सामने जिंकून विजेता ठरणाऱ्या पुरुषाला एकेरीचे २,१६० डॉलर मिळतात, आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १५६. या १५६ डॉलरांत, कर कापून जाण्यापूर्वीदेखील, आठवडाभराचे राहणे-खाणे भागत नाही, मग परदेशचा प्रवास कुठला भागणार! बरे, गुण मिळवून क्रमांक वर नेला तर तो तेथे स्थिर राहावा, तर तेही नाही. गुणांची मुदत ५२ आठवड्यांची, म्हणजे गेल्या वर्षी ज्या आठवड्यात जे कमावले ते या वर्षी त्याच सुमारास वजा होते, आणि ते पुन्हा कमावले नाही तर क्रमांक घसरतो. दुखापतीने चार-सहा महिने घरी बसलेल्या खेळाडूची मिळकत थांबते, खर्च औषधोपचाराने वाढतो, आणि ज्या क्रमांकाच्या बळावर त्याला मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळत होता तो क्रमांकही त्याच वेळी हातचा जातो. युरोपातला खेळाडू सकाळी हरला तर संध्याकाळच्या आगगाडीने घरी जाऊन आपल्या अंथरुणावर निजू शकतो. आपल्या मुलाला मात्र पुढच्या स्पर्धेपर्यंत परमुलखात खोली धरून राहावे लागते.

सुमित नागलचे उदाहरण या संदर्भात सर्वांना ठाऊक असावयास हवे. हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यातला, एका शाळामास्तरांचा हा मुलगा दहाव्या वर्षी महेश भूपती यांच्या योजनेत निवडला गेला. २०१५ मध्ये विम्बल्डनला मुलांच्या दुहेरीचे अजिंक्यपद त्याने मिळवले, आणि २०१९ मध्ये अमेरिकन ओपनच्या पहिल्याच सामन्यात साक्षात रॉजर फेडररकडून पहिला सेट ६-४ असा घेतला. इतके झाल्यावर त्याचे बस्तान बसले असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात २०२१ च्या अखेरीस कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली, क्रमांक पाचशेच्या पलीकडे घसरला, आणि २०२३ च्या सप्टेंबरात, देशातला एकेरीचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना, त्याने उघडपणे सांगितले की आपल्या बँकेतल्या खात्यात ९०० युरो, म्हणजे सुमारे ८०,००० रुपये, शिल्लक आहेत. वर्षाचा खर्च त्याने ८० लाख ते एक कोटी रुपये असा सांगितला होता, आणि तोही सोबत एकच प्रशिक्षक धरून, शरीरोपचारतज्ज्ञाशिवाय. बक्षिसांची सारी मिळकत, इंडियन ऑइलमधला पगार आणि पुण्याच्या प्रशांत सुतार यांच्या महा टेनिस फाउंडेशनचे साहाय्य हे सर्व त्याच खेळात ओतून झाल्यावरची ही शिल्लक होती. पैशाअभावी त्या वर्षाच्या आरंभी जर्मनीतल्या आपल्या नेहमीच्या सरावकेंद्रात जाणेही त्याला जमले नव्हते.

पुढचे वर्तमान आनंदाचे आहे. खात्यातल्या त्या शिल्लकीची हकीकत वर्तमानपत्रांत आल्यावर मदतीचे काही हात पुढे आले. आणि १६ जानेवारी २०२४ रोजी मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून मुख्य फेरीत शिरलेल्या या खेळाडूने ३१ व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये हरवले. ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या एकेरीत भारतीयाने मानांकित खेळाडूला हरवण्याचा प्रसंग त्यापूर्वी १९८९ मध्ये आला होता, जेव्हा रमेश कृष्णन यांनी त्याच मेलबर्नमध्ये मॅट्स विलँडर यांना नमवले होते. दुसऱ्या फेरीच्या प्रवेशाचे नागलला १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. रुपयांत ही रक्कम ९८ लाखांच्या आसपास जाते. वाचकांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत: वर्षाचा खर्च ८० लाख ते एक कोटी, आणि त्या एका पंधरवड्याची प्राप्ती ९८ लाख. एखादा टायब्रेकर इकडचा तिकडे झाला असता तर पुढच्या संबंध वर्षाची बेगमी बुडाली असती. त्या दिवशी सगळ्या देशाने नागलचे कौतुक केले ते योग्यच होते. परंतु ज्यांनी त्या कौतुकात भाग घेतला त्यांनी, ९०० युरो उरल्यानंतर या मुलाने खेळ सोडला असता तर आपल्याला ते कळलेही नसते, हा विचार केला पाहिजे असे मला कळकळीने वाटते.

आपल्या शासनांची आणि संस्थांची रीत अशी की पदक आले की इनाम जाहीर करावयाचे, चौकात फलक लावावयाचे, नोकरीची सनद द्यावयाची. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक रोहन बोपण्णाच्या जोडीने श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले हिने जिंकले तेव्हा महाराष्ट्राला तिचे नाव ठाऊक झाले. त्याआधीची कित्येक वर्षे ती लहान लहान स्पर्धांतून जगभर खेळत होती, आणि खर्चाची खरी ओढ त्याच वर्षांत असते. इनामाला माझा विरोध नाही. पण ते पीक हाती आल्यावर मिळते, आणि शेतकऱ्याची नड पेरणीच्या वेळी असते हे ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, जेथे बी-बियाणे आणि बैल यांच्यासाठी सरकारातून तगाई देण्याची वहिवाट होती, तेथे ही गोष्ट फोड करून सांगण्याची गरज पडू नये.

जागतिक संघटनेलाही हे उशिरा का होईना उमगले आहे. पुरुषांच्या टेनिसची सूत्रे सांभाळणाऱ्या एटीपीने २०२४ पासून एकेरीच्या खेळाडूंसाठी किमान उत्पन्नाची हमी दिली: पहिल्या शंभरांना तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकांना दीड लाख आणि १७६ ते २५० क्रमांकांना ७५,०००, शिवाय पहिल्या सव्वाशेत प्रथमच पोचणाऱ्याला दोन लाख डॉलरची उचल, जी पुढच्या मिळकतीतून वळती व्हावयाची. ही उचल म्हणजे शुद्ध तगाईच होय. फरक इतकाच की ती सव्वाशेव्या पायरीवर मिळते, आणि आपली मुले चारशेव्या, सहाशेव्या पायरीवर थकून खाली उतरतात.

यावर आक्षेप येईल की टेनिस हा जिमखान्यांचा, सुखवस्तूंचा खेळ. ज्या राज्यात शाळांना धड मैदाने नाहीत तेथे सार्वजनिक पैसा यावर का खर्चावा? आक्षेप गंभीर आहे आणि त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. शाळांना मैदाने मिळाली पाहिजेत, आणि तो खर्च टेनिसच्या खर्चाच्या आधी आला पाहिजे. परंतु टेनिस सुखवस्तूंचा राहिला आहे याचे कारणच हे की वरचा सारा खर्च घरच्यांनी सोसावयाचा. शाळामास्तराचा मुलगा त्यात टिकावा अशी इच्छा असेल तर तो खर्च कोणीतरी वाटून घेतल्यावाचून गत्यंतर नाही. आणि मी मागतो ते अनुदान नव्हे. क्रमांकाच्या ठरावीक टप्प्यात असलेल्या, वयाने पंचविशीच्या आतल्या आठ-दहा मुलामुलींना राज्याने किंवा उद्योगांनी तीन वर्षांपुरती प्रवासाची आणि प्रशिक्षकाची उचल द्यावी. प्रत्येकाचा जमाखर्च दरसाल तपासला जावा. आणि वर्षाची मिळकत ठरलेल्या उंबरठ्यापलीकडे गेली की तिचा ठरलेला हिस्सा परत जमा व्हावा, म्हणजे त्याच रकमेतून पुढच्या मुलाची सोय होईल. काहींची तगाई बुडेल. दुष्काळात शेतकऱ्याचीही बुडे, आणि सरकार ती माफ करी.

दुसरी गोष्ट घरच्या स्पर्धांची, आणि तिच्याबद्दल लिहिताना मन विषण्ण होते. चेन्नईहून पुण्याला आलेली एटीपीची महाराष्ट्र ओपन २०१८ ते २०२३ या काळात, महामारीचे एक वर्ष सोडून, बालेवाडीत भरत असे. २०१९ च्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच या दोन ताडमाड पुरुषांनी आपापली सर्व्हिस शेवटपर्यंत मोडू दिली नव्हती आणि तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले, ती संध्याकाळ ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरणे शक्य नाही. परंतु मला अधिक मोलाची वाटते ती २०२३ मधली एक लहानशी घटना: पुण्याच्या अवघ्या पंधरा वर्षांच्या मानस धामणेला त्या स्पर्धेत वाइल्ड कार्ड मिळाले, आणि आपल्याच गावात, ओळखीच्या माणसांसमोर, तो अमेरिकेच्या मायकेल मोशी खेळून २-६, ४-६ असा हरला. त्या वयात तशा दर्जाचा सामना परदेशी खेळावयाचा तर किती वर्षे आणि किती लाख खर्ची पडले असते! त्यानंतर ती स्पर्धा बंद झाली, आणि त्या दर्जाची पुरुषांची स्पर्धा आज भारतात कोठेही भरत नाही. नागलने २०२४ मध्ये पहिल्या शंभरांत प्रवेश केला तोदेखील चेन्नईची चॅलेंजर जिंकून, म्हणजे घरच्या मातीवर, हे ध्यानात घेतले की या हानीचे मोजमाप कळते. २०२५ मध्ये तोच नागल पुन्हा पहिल्या दोनशेंच्याही बाहेर गेला. ५२ आठवड्यांचा तो निर्दय हिशेब कोणालाच सोडत नाही.

म्हणून महाराष्ट्र शासनाला आणि पुण्या-मुंबईच्या उद्योगपतींना माझी विनंती आहे की बालेवाडीची मैदाने सज्ज असताना, हेमंत बेंद्रे यांच्यासारखे प्रशिक्षक, ज्यांच्याकडे शिकण्यासाठी टेनिसपटू अंकिता रैना गुजरात सोडून पुण्यास राहावयास आली, या शहरात असताना, वर्षाकाठी मोठी एक स्पर्धा जमत नसेल तर लहान सहा भरवा, लागोपाठच्या आठवड्यांत भरवा, म्हणजे नागपूरच्या मुलाला रेल्वेच्या तिकिटात सहा आठवड्यांचे सामने आणि गुण मिळतील.

यशाच्या आधीच खर्चाची सोय करणे ही काही परकी कल्पना नाही. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांच्या खुराकाची सोय फड जिंकण्यापूर्वी लावून दिली, त्याच कोल्हापुरात राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी १९५२ मध्ये पैलवान खाशाबा जाधवांच्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या प्रवासासाठी आपले राहते घर गहाण टाकले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. खाशाबांच्या गावच्या, गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली होती, तरी ती अपुरी पडत होती. खाशाबांनी कांस्यपदक आणले, कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मिरवणुकीचा गुलाल उतरल्यावर ते पुन्हा आखाड्यात उतरले, कुस्त्यांचे फड लावले, आणि त्यांतून आलेल्या पैशांनी प्राचार्यांचे घर सोडवून दिले.