पुढचं दार, मागचं दार

ब्राउझरसाठी एक्स्टेन्शन लिहायला बसलं की हा प्रश्न येतोच: अधिकृत एपीआय वापरायचा, की कुठेही न छापलेल्या आतल्या गोष्टींना हात घालायचा? पुस्तकी उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण ते देण्याआधी मराठी वाचकाने जरा मागे वळून बघावं.

२०००च्या दशकात बरीच मराठी वर्तमानपत्रं नेटवर आपापला फॉन्ट घेऊन आली. पानात असायचे रोमन अक्षरांचे कोड, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढायचा. फॉन्ट नसला की बातमीच्या जागी नुसता कचरा. कॉपी केली तरी कचराच, आणि सर्चमध्ये सापडायचं तर नावच नको. १९९१पासून युनिकोडमध्ये देवनागरी होती, पण वापरतो कोण! कुठला कोड म्हणजे कुठलं अक्षर, हे वाचकाला सांगायची कोणाला गरज वाटत नव्हती. तेव्हा फायरफॉक्ससाठी 'पद्म' नावाचं एक्स्टेन्शन होतं. भारतीय लिप्यांच्या अशा फॉन्टचे तक्ते त्यात होते, आणि पानातला मजकूर ते जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलायचं.

हे मागचं दार झालं का? झालं. पण पुढचं दार होतंच कुठे? अशा वेळी मागून जाण्यात काही पाप नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त त्याची किंमत ठाऊक हवी. फॉन्ट बदलला की तक्ता रद्दी. प्रश्न कायमचा सुटला तो वर्तमानपत्रं स्वतः युनिकोडवर आली तेव्हाच.

आता कोणी म्हणेल, अधिकृत तरी कुठे टिकतं? बरोबर आहे. रोमनमध्ये टाइप करून मराठी उमटवणारा गूगलचा ट्रान्सलिटरेट एपीआय अधिकृतच होता. २६ मे २०११ला तो मोडीत काढल्याची घोषणा झाली. फायरफॉक्सची जुनी एक्स्टेन्शनं ब्राउझरच्या पोटात कुठेही हात घालू शकायची. तो रस्ता १४ नोव्हेंबर २०१७ला, ५७व्या आवृत्तीत बंद झाला. पण मोझिलाने हे ऑगस्ट २०१५मध्येच सांगून ठेवलं होतं. अधिकृत एपीआय म्हणजे अमरपट्टा नव्हे. जाताना सांगून जाईन, एवढंच ते वचन. आतलं फंक्शन मात्र एखाद्या मंगळवारी गुपचूप बदलतं आणि त्याबद्दल कोणाला जाबही विचारता येत नाही.

दहिसरला पुलाचा वळसा टाळून रूळ ओलांडणारे दिसतात. स्वतःच्या जिवावर उदार होणं वेगळं, मागे दहा जणांना घेऊन निघणं वेगळं. स्वतःपुरतं एक्स्टेन्शन असेल तर काय हवं ते करा. दुसऱ्यांना देणार असाल तर तो आतला भाग एकाच फाइलमध्ये वेगळा ठेवा, हे कधीही बंद पडू शकतं असं वर्णनात सरळ लिहा, आणि पुढचं दार उघडा म्हणून संबंधितांच्या मागे लागा. हे तिसरं काम सगळ्यात कंटाळवाणं आहे, पण टिकतं तेच.