सोशिकपणाचे कौतुक पुरे

मराठीत ‘सोशिक’ हे विशेषण प्रामुख्याने स्त्रीलाच लावले जाते आणि ते नेहमी कौतुकाने लावले जाते. ज्या समाजाने सोसण्याला सद्गुणाचे स्थान दिले, तेथे ‘मला दुखते आहे’ असे म्हणणारी मुलगी नाजूक, हट्टी अथवा कामचुकार ठरली तर नवल नाही. पाळीच्या दुखण्याच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. ‘बायकांच्या जातीला हे चालायचेच’ हे वाक्य आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे वारशासारखे येत असते. बहुतेकींचे थोडी विश्रांती आणि एखादी गोळी यांनी भागते, हे मान्य. पण ज्यांचे भागत नाही, त्यांच्यातील पुष्कळजणींना एंडोमेट्रिओसिस हा आजार असतो आणि त्यांच्या दुःखात शरीराच्या वेदनेइतकाच मोठा वाटा भोवतालच्या माणसांच्या अविश्वासाचा असतो. या अविश्वासाचा विचार केल्याखेरीज या स्त्रियांच्या मनःस्वास्थ्याची चर्चा व्यर्थ आहे.

या आजारात गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. बीजांडकोशावर, ओटीपोटाच्या आवरणावर, काही वेळा आतड्यावर वा मूत्राशयावरही. महिन्याच्या संप्रेरकचक्राबरोबर तेथे दाह होतो आणि कालांतराने आतील अवयव एकमेकांना चिकटू लागतात. पाळीत असह्य दुखणे, एरवीही ओटीपोटात कळा, शौचाच्या वा शरीरसंबंधाच्या वेळी वेदना, न जाणारा थकवा आणि काहींच्या बाबतीत गर्भधारणेत अडचण, ही त्याची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगातील सुमारे १९ कोटी स्त्रियांना व मुलींना हा आजार आहे.

हा आजार नवा नाही. पाळीचे रक्त बीजनलिकांतून उलटे पोटात उतरते आणि त्यातून तो उद्भवतो, ही उपपत्ती अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडली. योगायोग असा, की त्याच वर्षी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करून शरीराविषयी मोकळेपणाने बोलण्याचा मार्ग मराठी समाजाला दाखविला. या दोन्ही घटनांना आता शंभर वर्षे होत आली. तरीही लक्षणे सुरू झाल्यापासून आजाराचे नाव कळेपर्यंत कित्येकींच्या आयुष्यातील अनेक वर्षे निघून जातात. ही वर्षे शिक्षणाची, नोकरीच्या उमेदवारीची आणि नव्या संसाराची असतात.

या वर्षांत मनाचे काय होते, याची कल्पना करणे अवघड नाही. शाळेत दर महिन्याला दोन दिवस गैरहजर राहणारी मुलगी प्रथम शिक्षकांच्या, मग घरच्यांच्या आणि अखेरीस स्वतःच्याच नजरेतून उतरते. ‘सगळ्यांना दुखते, मग मलाच का सहन होत नाही?’ हा प्रश्न ती कोणाला विचारीत नाही, पण तो तिला सोडीत नाही. पुढच्या पाळीची तारीख जवळ आली, की वेदनेआधी तिची धास्ती सुरू होते. समारंभाची आमंत्रणे टाळली जातात, प्रवासाचे बेत रद्द होतात, मैत्रिणी दुरावतात. या आजाराच्या स्त्रियांत चिंता व नैराश्य अधिक आढळते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. त्याचे खापर मनाच्या दुबळेपणावर फोडणे अन्यायाचे आहे. सतत दुखत असता झोप उडते, झोप उडाली की वेदना अधिक जाणवते, आणि दीर्घकाळच्या वेदनेने मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील होते. मन आणि शरीर येथे एकाच साखळीच्या कड्या आहेत.

त्यात या आजाराची एक विचित्र गोष्ट अशी, की त्याचा विस्तार आणि वेदनेची तीव्रता यांचा मेळ बसतोच असे नाही. थोड्याशा आजाराने एखादी अंथरुणाला खिळते, तर दुसरीच्या पोटात तो बराच पसरलेला असूनही तिला फारसा त्रास नसतो. सोनोग्राफीचा अहवाल निर्दोष आला म्हणून आजार नाही, असेही खात्रीने म्हणता येत नाही. पण ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या तीन शब्दांनी किती घरांतील वाद संपविले असतील! मग ‘हे सगळे मनाचे आहे’ असा निवाडा होतो. परिणामी ज्या समुपदेशनाचा तिला खरोखर उपयोग झाला असता, तेच तिला अपमानासारखे वाटू लागते. मानसोपचार हा औषधोपचाराच्या जोडीने द्यावयाचा आधार आहे. वेदना खोटी असल्याचा दाखला नव्हे.

दुसरा निवाडा लग्नाचा. ‘लग्न झाले, एक मूल झाले, की सगळे थांबेल’ हा सल्ला केवळ शेजारीणच देते असे नाही; तो दवाखान्यांतूनही मिळत आला आहे. मानवी प्रजनन व गर्भविज्ञान यांच्या युरोपीय संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की केवळ या आजारावर उपचार म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये. आपल्याकडे हा सल्ला दुहेरी घात करतो. वेदना राहते ती राहतेच आणि मूल होण्यास उशीर लागला तर दोषही तिच्याच पदरी पडतो. शरीरसंबंधातील वेदना तर ती सांगणार कोणाला? नवऱ्याला ती टाळाटाळ वाटते आणि सासूच्या कानी ती जाऊ शकत नाही.

हे सारे शहरी, सुशिक्षित स्त्रियांचे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. त्यांनी बीड जिल्ह्याकडे पाहावे. ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्या सर्वजणींना हाच आजार होता, असे मुळीच नाही. मुद्दा असा, की पोटात दुखते म्हणणाऱ्या गरीब स्त्रीला निदान मिळत नाही, विश्रांती परवडत नाही. आणि मग गर्भाशय काढून टाकणे हाच उपाय तिच्यापुढे ठेवला जातो. एंडोमेट्रिओसिसमध्ये तर गर्भाशय काढल्यानंतरही वेदना थांबण्याची हमी नसते. शहरातील मुलीला ‘सोस’ म्हणायचे आणि फडातील बाईला ‘काढून टाक’ म्हणायचे. दोन्हीकडे तिचे ऐकून घेण्याचे कष्ट वाचविलेले असतात.

पाळीच्या रजेचा वादही या संदर्भात पाहावा लागेल. बिहारने १९९२ पासून सरकारी नोकरीतील स्त्रियांना महिन्यास दोन दिवसांची रजा दिली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा धोरणाचा विषय असल्याचे सांगताना, सक्तीची रजा स्त्रियांना नोकरी मिळण्याच्या आड येईल, अशी शंका व्यक्त केली. ती अनाठायी नाही. परंतु सरसकट रजेबद्दल मतभेद असले, तरी निदान झालेल्या आजारासाठी सवलत देण्यास कोणता आक्षेप असू शकतो? मधुमेही कर्मचाऱ्याला आपण वेळेवर जेवू देतो. तो दुबळा आहे, असे म्हणत नाही.

या आजारावर कायमचा इलाज अद्याप नाही. पण वेदनाशामके, संप्रेरकांच्या गोळ्या आणि गरजेनुसार शस्त्रक्रिया यांनी तो पुष्कळ आटोक्यात राहतो. दुखण्याची रोजची नोंद ठेवणे, झेपेल तेवढा व्यायाम, फिजिओथेरपी आणि समदुःखी स्त्रियांची सोबत यांनी अनेकींना बळ मिळते. नैराश्य अनावर झाल्यास केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. मात्र स्वतःला सावरण्याचे सारे ओझे रुग्णावरच टाकून चालणार नाही.

आपल्या राज्याने २०१८ साली ‘अस्मिता’ योजनेद्वारे सॅनिटरी पॅडचा विषय गावोगाव नेला. आता त्यापुढचे पाऊल टाकले पाहिजे. ज्या दुखण्याने शाळा वा काम बुडते ते नेहमीचे नव्हे, एवढे एक वाक्य प्रत्येक शाळेत शिकविले गेले पाहिजे आणि आशा सेविकेपासून प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपर्यंत सर्वांना ठाऊक असले पाहिजे. अशा मुलीला पुढच्या रुग्णालयात पाठविण्याची व्यवस्था हवी आणि तेथे समुपदेशकही हवा. याला फार मोठा खर्च येणार नाही. घराघरांतून तर काहीच खर्च येणार नाही. तेथे मुलगी ‘दुखते’ म्हणाली, की तिला खरे मानायचे, एवढेच करावयाचे आहे.