पालवणकर बंधूंचा धडा

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी पदक स्वीकारताना काळे हातमोजे घातलेली मूठ उंचावली आणि त्यांना संघातून घरी पाठविण्यात आले. आता त्या प्रसंगाचे कौतुक सर्वत्र होते. सोमेश्वरनगर परिसरातील शाळांतून नववी-दहावीच्या मुलांना तो जरूर सांगावा. परंतु तेवढ्यावरच थांबल्यास अन्याय हा सातासमुद्रापलीकडचा मामला आहे, असा सोयीस्कर समज दृढ होईल. वर्ण आणि जात एक नव्हेत हे खरे. तथापि १८७३ साली 'गुलामगिरी' ही अमेरिकेतील गुलामीविरोधी सज्जनांना अर्पण करणाऱ्या जोतीरावांना त्यांतील नाते उमगले होते.

पालवणकर बाळू हे याच पुणे जिल्ह्याच्या इतिहासातले नाव. चर्मकार कुटुंबातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करी आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकी. श्रमाचा मोबदला चार रुपये महिना. फलंदाजीचा हक्क मात्र नाही. पुढे हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, त्याचा स्पर्श नको होता. चहा मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी लाभले नाही. उत्पादन स्वीकारायचे आणि उत्पादकाला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हा व्यवहार आपल्या अर्थकारणाला अपरिचित नाही.

मुलांना शिकवायचे ते यापुढचे. १९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूला वगळण्यात आले आणि कर्णधारपदासाठी विठ्ठलचा विचार झाला नाही. तेव्हा विठ्ठल व शिवराम या धाकट्या भावांनी खेळण्यास नकार दिला, आणि कारण जाहीरपणे सांगितले. संघाला नमते घ्यावे लागले. बाळू उपकर्णधार म्हणून परत आला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू संघ जिंकला. गुणवत्तेने दार किलकिले केले होते. ते उघडले संघटित नकाराने. 'कष्ट करा, यश मिळेल' एवढाच बोध काढणारा शिक्षक ही कथा अर्धीच सांगतो.

गळीत हंगामात कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांतल्या मुलांचे नाव शाळेच्या हजेरीपटावर असलेच, तरी खेळाच्या संघात किती वेळा असते? हा प्रश्न वर्गातल्या मुलांनीच विचारू द्यावा. उत्तर शिक्षकांना आणि आम्हा कार्यकर्त्यांनाही अडचणीचे वाटेल.

आणखी एक अडचण. बाबासाहेबांनी ज्याचा गौरव केला, तोच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे त्यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि पराभूत झाला. ही हकीगत वगळून पवित्र चरित्र रंगविण्याचा मोह टाळावा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना दोन थोर माणसांतला मतभेद पेलतो. त्याने काँग्रेसची उमेदवारी का पत्करली असेल, विभक्त मतदारसंघाचा वाद काय होता, पुणे कराराने काय बदलले, यावर त्यांना भांडू द्यावे; क्रीडातास बुडाला तरी हरकत नाही.