विकत घेतलेली वस्तू आपली कधी होते?

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. त्याच्या पाठीमागचे पुठ्ठ्याचे झाकण काढले, की पुष्कळ संचांमध्ये आतल्या बाजूस चिकटवलेला एक कागद सापडत असे. त्या रेडिओच्या सर्किटचा संपूर्ण आराखडा त्यावर छापलेला असे. कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो, कोणता रोध किती ओहमचा आहे, कोणत्या बिंदूपाशी किती व्होल्ट मिळाले पाहिजेत, हे त्यावरून कळे. कागद होता दुरुस्ती करणाऱ्या कारागिरासाठी. परंतु त्याच्यावरून बोट फिरवीत कितीतरी हौशी मुले इलेक्ट्रॉनिकी शिकली. कारखानदाराला त्यात आपले काही गमावले असे वाटत नसे.

आता तुमच्या घरात एकवार नजर फिरवा. वायफायचा राउटर, टीव्ही, मोबाइल, प्रिंटर, धुलाई यंत्र, कदाचित एखादा ‘स्मार्ट’ प्लग. यांतील बहुतेक वस्तूंच्या पोटात एक लहानमोठा संगणक बसलेला आहे. रेडिओ कसा वागणार हे त्याच्या जोडणीत ठरलेले होते. राउटर कसा वागणार हे त्याच्या स्मृतीत साठवलेल्या आज्ञावलीत ठरते. जोडणी निदान डोळ्यांना दिसते, आज्ञावली दिसत नाही. म्हणजे झाकणाच्या आतल्या कागदाची गरज पूर्वीपेक्षा आज अधिक आहे, आणि नेमका आजच तो मिळत नाही! माझे म्हणणे थोडक्यात असे, की जिची आज्ञावली वाचण्याची आणि बदलण्याची मुभा तुम्हांला नाही, ती वस्तू तुम्ही पूर्ण किंमत मोजूनही भाड्यानेच आणलेली असते. घरी फावल्या वेळात केलेल्या खटपटीतून हे मत बनलेले आहे. ते तुम्हांला पटेल न पटेल. पण त्यामागची कारणे तपासून पाहा.

प्रथम ‘आज्ञावली वाचणे’ म्हणजे काय ते पाहू. आज्ञावली लिहिणारा माणूस ती ‘सी’ सारख्या भाषेत लिहितो. ती तुम्हांआम्हांला थोड्या अभ्यासाने वाचता येते. मग कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली तिचे यंत्राला कळणाऱ्या अंकांत रूपांतर करते. दुकानातून आणलेल्या वस्तूत असतात ते केवळ हे अंक. गणिताच्या पेपरात रीत न दाखवता नुसते उत्तर लिहिले, तर तुमचे शिक्षक गुण कापतात. येथे मात्र नुसते उत्तर देण्याचीच पद्धत पडली आहे. ज्या आज्ञावलीची रीतही सर्वांना दिलेली असते, आणि ती वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व इतरांना वाटण्याची परवानगी असते, तिला ‘मुक्त स्रोत’ म्हणतात.

या चळवळीची सुरुवात एका अडकलेल्या कागदापासून झाली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत होते. तेथील जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर तशी सूचना यावी, अशी सोय त्यांनी आज्ञावलीत करून घेतली होती. पुढे नवा लेसर प्रिंटर आला. त्यातही कागद अडके. परंतु त्याची मूळ आज्ञावली मिळेना, म्हणून ती साधी सोय करता येईना. १९८३ साली स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ ही मुक्त प्रणाली उभारण्याची घोषणा केली, आणि १९८९ मध्ये ‘जी.पी.एल.’ हा परवाना तयार झाला. त्याची मुख्य अट मोठी मार्मिक आहे. ही आज्ञावली फुकट घ्या, बदला, विकासुद्धा. मात्र जो ती दुसऱ्याला देईल त्याने मूळ लिखाणही त्याच अटींवर दिले पाहिजे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ लिहावयास घेतले, आणि पुढच्याच वर्षी ते याच परवान्याखाली आणले.

अट कागदावर असते, तिचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एका राउटरने दिले. ‘लिंक्सिस डब्ल्यूआरटी ५४ जी’ हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स असल्याचे २००३ मध्ये हौशी मंडळींच्या ध्यानात आले. लिनक्स वापरले, तर परवान्याप्रमाणे मूळ लिखाण द्यावयास हवे! मागणी झाली आणि कंपनीने ते प्रसिद्ध केले. त्यातून २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली जन्मली. ती आज शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालते, आणि त्यांतला एक माझ्या घरी आहे.

हा राउटर बनवणाऱ्याने त्याच्या आज्ञावलीत सुधारणा करणे कधीच थांबवले होते. यंत्र धडधाकट, पण त्यात नव्याने सापडणारी छिद्रे कोणी बुजवणार नाही, अशी अवस्था. त्याची फ्लॅश स्मृती १६ मेगाबाइट व रॅम १२८ मेगाबाइट आहे, म्हणून ओपनडब्ल्यूआरटी त्यात मावले. (४ व ३२ मेगाबाइटवाल्या जुन्या राउटरांत आताच्या आवृत्त्या मावत नाहीत, तेव्हा प्रकल्पाच्या यादीत आपला नमुना व त्याची आवृत्ती अक्षरशः पडताळून पाहावी.) फाइल चढवताना वीज जाऊ नये एवढीच काळजी. पाच मिनिटांत दिवा स्थिर झाला आणि मला त्या डबीच्या आत पाहता येऊ लागले.

खरी मौज पुढे आहे. इंटरनेटवरील कोणत्याही स्थळाशी बोलण्यापूर्वी यंत्राला त्याच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता विचारावा लागतो. घरातील यंत्रे ही विचारणा सहसा राउटरपाशी करतात. ओपनडब्ल्यूआरटीत अशा विचारणांची नोंद ठेवता येते. रात्री सगळे झोपल्यावर मी ती नोंद उघडली, तेव्हा रिमोटने बंद केलेला आमचा टीव्ही दर काही मिनिटांनी कोणकोणती नावे विचारत होता! त्यांतली काही नावे जाहिरातींशी संबंधित होती. टीव्ही त्या ठिकाणी काय पाठवत होता हे या नोंदीवरून कळत नाही. पण तो बोलत होता एवढे निश्चित कळले. मी राउटरमध्ये ती नावे अडवली. टीव्ही पूर्ववत चालतो. ज्या राउटरचा कागद झाकणाच्या आत नाही, त्याच्यापाशी बसून मला हा प्रश्नसुद्धा पडला नसता.

दुसरा अनुभव प्लगचा. मोबाइलवरून दिवा लावता येणारा एक स्वस्त प्लग मी आणला होता. एके दिवशी तो ऐकेना. बनवणाऱ्याने आपला सर्व्हर बंद केला होता. मोबाइल आणि प्लग यांच्यात अंतर होते दोन मीटर. पण आज्ञा जात असे ती त्या दूरच्या सर्व्हरमार्गे, आणि मधला दुवाच नाहीसा झाला. आतील रिले शाबूत, इलेक्ट्रॉनिक भाग शाबूत, तरी वस्तू कचऱ्यात टाकण्याजोगी! उघडून पाहिले तर आत ‘ईएसपी ८२६६’ ही चिप निघाली. हिच्यासाठी ‘टास्मोटा’ नावाची मुक्त आज्ञावली उपलब्ध आहे. चिपचा ‘शून्य’ क्रमांकाचा जोड भूमीला जोडून तिला वीज दिली, की ती नवी आज्ञावली स्वीकारण्यास तयार होते. आता तो प्लग घरच्या राउटरशीच बोलतो. इंटरनेट बंद असले तरी दिवा लागतो.

येथे एक सूचना कळकळीची आहे. अशा प्लगच्या आतला ३.३ व्होल्टचा भाग घरातील २३० व्होल्टपासून वेगळा केलेला असेलच असे नाही. म्हणून आज्ञावली चढवताना प्लग भिंतीच्या सॉकेटमध्ये कदापि नसावा. वीज फक्त ३.३ व्होल्टच्या जोडणीतून द्यावी. जाणकार मोठे माणूस शेजारी नसेल, तर हा उद्योग करूच नका; राउटरपासून सुरुवात करा. त्याला उघडावेही लागत नाही.

आता दुसरी बाजू. मुक्त आज्ञावली हजारो लोक वाचतात, म्हणून ती निर्दोष असते, असे तिचे काही भक्त सांगतात. ते मला मान्य नाही. वाचता येणे आणि वाचले जाणे यांत फार अंतर आहे. ‘ओपनएसएसएल’ ही आज्ञावली जगातील असंख्य संकेतस्थळांचे व्यवहार गुप्त राखते. तिच्यात २०१२ मध्ये शिरलेली ‘हार्टब्लीड’ नावाची चूक २०१४ च्या एप्रिलपर्यंत सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडी पडून होती. २०२४ चा प्रसंग तर याहून बोलका आहे. ‘एक्सझेड’ ही फाइली लहान करणारी छोटी आज्ञावली; तिची निगा मुख्यतः एकटा माणूस फावल्या वेळात राखत होता. खोटे नाव घेतलेल्या कोणी दोन वर्षांहून अधिक काळ मदतनिसाचे सोंग करून त्याचा विश्वास मिळवला, आणि चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत एक चोरदरवाजा दडवून दिला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की संगणकात दूरवरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. एवढ्याशा विलंबाचा माग काढत तो त्या दरवाजापर्यंत पोहोचला. रीत दिलेली होती म्हणून माग काढता आला, हे खरे. पण अर्ध्या सेकंदाने अस्वस्थ होणारा माणूस तेथे होता म्हणूनच तो काढला गेला.

गैरसोयीही आहेत. माझ्या जुन्या लॅपटॉपचा बोटाचा ठसा ओळखणारा भाग लिनक्सखाली आजही मुका आहे. वायफायच्या पुष्कळ चिपांना बंदिस्त आज्ञावलीचा तुकडा लागतोच. ‘डेबियन’ सारख्या तत्त्वनिष्ठ प्रकल्पानेही २०२३ पासून असे तुकडे आपल्या अधिकृत प्रतीत घेतले. काही कट्टर मंडळी त्यावर नाराज झाली. मला तो निर्णय व्यवहारी वाटतो. वायफाय चालेना म्हणून नवशिका पहिल्याच संध्याकाळी परत फिरला, तर तत्त्व कोणाला शिकवणार?

आज्ञावली लिहिता येत नाही, मग आमचे येथे काय काम, असे तुम्हांला वाटेल. तर एक काम मराठीचे आहे. ‘लिब्रेऑफिस’ हा कार्यालयीन आज्ञावलींचा मुक्त संच मराठीतही वापरता येतो, आणि ही भाषांतरे बहुतांशी हौशी लोकांच्या हातची असतात. भाषांतराच्या फाइलीत एका ओळीत इंग्रजी वाक्य व खाली मराठीसाठी रिकामी जागा असते. सोपे वाटते ना? करून पाहा. एक फाइल ‘काढून टाकली’, पण पाच फाइली ‘काढून टाकल्या’. म्हणजे एका इंग्रजी वाक्यासाठी दोन मराठी वाक्ये हवीत. त्याहून अवघड गोष्ट विभक्तीची. वाक्यात गावाचे नाव यंत्र स्वतः भरणार असेल, तर ते ‘पुणे’ या शब्दाचे ‘पुण्यात’ करू शकत नाही. पडद्यावर ‘पुणेमध्ये’ असे विचित्र रूप उमटते. मग वाक्याची रचनाच बदलून ‘ठिकाण : पुणे’ असे काहीतरी योजावे लागते. हे इंग्रजीत विचार करणाऱ्या अभियंत्याला सुचणार नाही. मराठी व्याकरणात बरे गुण मिळवणाऱ्या आठवीतल्या मुलीला सुचेल.

शेवटी शिक्षकांशी दोन शब्द. विंडोज १० साठीच्या सर्वसाधारण मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि विंडोज ११ च्या अटींत पुष्कळ जुने संगणक बसत नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेतील असे संगणक भंगारात काढण्याचा ठराव झाला असेल, तर तो एक महिना थांबवा. केरळमधील शाळा कित्येक वर्षे मुक्त आज्ञावलीवरच संगणक शिकवत आहेत, मुंबईच्या आय.आय.टी.चे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे पाठ मराठीतही मिळतात. तेव्हा आपण एकटे पडू ही भीती नको.

संगणक ६४ बिटांचा आहे ना, एवढे आधी पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला डेबियन १३ निव्वळ ३२ बिटांच्या यंत्रावर बसवता येत नाही. रॅम ४ गिगाबाइट असेल तर ‘एक्सएफसीई’ हा हलका पडदा निवडा. पैसे थोडेच असतील, तर ते जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्यावर खर्च करा. वेगात जाणवणारा फरक तेथेच पडतो. प्रथम पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहा. तीत डिस्कला हात लागत नाही, आणि ध्वनी, वायफाय, प्रिंटर चालतात की नाही हे मुलांनाच तपासावयास सांगता येते. प्रत्येक संगणकाची एक वही करा व दिसेल ते तीत लिहू द्या. डिस्कवर कायमची बसवण्यापूर्वी मात्र जुन्या सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे काढून घ्या, आणि ती उघडते आहे याची खात्री करा.