अंगण वाकडंच असतं!

मराठीतल्या ज्या म्हणीने सुतारांचं सर्वांत जास्त नुकसान केलं, ती म्हणजे ‘नाचता येईना अंगण वाकडे’. ही म्हण प्रथम उच्चारणारा गृहस्थ नक्की अंगणाचा मालक असला पाहिजे. नाचणाऱ्याला कुणी विचारलेलं दिसत नाही.

आमच्या निगडी प्राधिकरणात ही म्हण घरोघरी ऐकू येते. नवा फ्लॅट असतो, स्वयंपाकघरात कपाटं करायची असतात. सनमायका भारीतला, बिजागऱ्या आपोआप हळूच मिटणाऱ्या, सगळं साहेबांनी स्वतः चार दुकानं हिंडून आणलेलं. मग मिस्त्री भीत भीत म्हणतो, “साहेब, करवतीचं पातं गेलंय. चांगलं कार्बाइडचं घेऊ, जरा महाग पडेल.” साहेब ताडकन् उत्तरतात, “अहो, हात चांगला असला की हत्यार कसलंही चालतं!” आणि संध्याकाळी सनमायकाची किनार उंदराने कुरतडल्यासारखी निघाली की हेच साहेब कमरेवर हात ठेवून म्हणतात, “नाचता येईना...” पुढचं तुम्हांला पाठ आहेच.

आता हे साहेब कोण? दिवसभर भोसरीत नाही तर चाकणला गेज लावून लोकांचा माल नापास करणारे! शाफ्ट दोन शतांश मिलिमीटर ‘आउट’ गेला तर अख्खा लॉट परत पाठवतील. तिथे जॉब बिघडला की आधी टूल बघतात, होल्डर बघतात, स्पिंडलला डायल लावतात. मशीनवरच्या माणसाला कुणी म्हण ऐकवत नाही. मात्र सुटीचा भोंगा झाला की हे सगळं शहाणपण सेफ्टी शूजबरोबर लॉकरमध्ये बंद होतं.

बरं, कार्बाइड म्हणजे या पट्ट्याला काही परकी चीज नव्हे. कार्बाइडची हत्यारं बनवणाऱ्या सँडव्हिकचा दापोडीचा कारखाना १९६० च्या दशकापासूनचा. लेथवरचा कुठलाही जुना कामगार कार्बाइडला ‘विडिया’ म्हणतो. हे नाव १९२६ साली जर्मनीतल्या क्रुप कंपनीने ठेवलं, ‘हिऱ्यासारखं’ या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांची संधी करून. टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये बांधून भट्टीत भाजायची आणि तिचा इवलासा तुकडा पोलादी तबकडीच्या दातावर डाख देऊन बसवायचा, झालं पातं. प्लायमधला डिंक साध्या पोलादाची धार बघता बघता खातो. कार्बाइड त्याला पुरून उरतं.

पण दुकानात गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं : दात किती आणि केवढ्याला? नुसते दात मोजून पातं घेणं म्हणजे बत्तीस दात आहेत म्हणून जावई पसंत करणं. दात जास्त तेवढं पातं चांगलं, हा निव्वळ गैरसमज आहे. लाकूड रेषेच्या दिशेने उभं चिरायचं तर दात थोडेच हवेत, भुशाला निघायला जागा हवी. आडवा काप किंवा प्लाय-सनमायका असेल तर दात जास्त हवेत. त्यातून नुसता सनमायका कापायचा तर एक दात सपाट आणि पुढचा कोपरे उतरवलेला, अशी जोडी किनार सांभाळते. कार्बाइडचा तुकडा जाड असला तर हिऱ्याच्या चाकावर पुन्हा पुन्हा धार लावता येते. पातळ असला तर पातं एकदा बोथटलं की भंगारात. डाख सगळ्या दातांना सारखा, भोकं न पडलेला हवा. आणि तबकडी सपाट हवी! ती फिरताना डगमगली की काप रुंद होतो, किनार फुटते. म्हणजे नाचणारा बिचारा ठीक असतो. अंगणच वाकडं असतं.

इथवर प्रश्न कपाटाच्या किनारीचा होता. आता बोटांचा. घरोघरच्या कामात मिस्त्रीच्या हाती बहुधा दगड कापायचा मार्बल कटर असतो, त्यावर लाकडाचं चार इंची पातं चढवलेलं, गार्ड कधीच काढून ठेवलेला. मिनिटाला बारा हजार फेरे धरले तर त्या पात्याची कड ताशी सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने पळते. आपल्या द्रुतगती मार्गावर शंभरावर गेलं की दंडाची चिठ्ठी येते! त्या वेगात तुरीच्या डाळीएवढा दात डाख सोडून उडाला, तर तो समोर साहेब आहेत की मिस्त्री, हे विचारत बसत नाही. म्हणून पात्यावर छापलेला जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या फेऱ्यांहून मोठाच हवा. ज्यावर आकडाच नाही ते फुकटही घेऊ नये. शिवाय बोथट पात्याला जोर लावावा लागतो, पातं अडकतं, यंत्र उसळतं आणि हात सुटतो. चांगलं पातं म्हणजे गार्डला पर्याय नव्हे. पण वाईट पातं हे संकटाला आवतण आहे. आमच्याकडे येणाऱ्या मिस्त्रींच्या डाव्या तर्जनीला एक पेर कमी आहे. दुकानात पात्याचे दात मोजण्याआधी घरातल्या मिस्त्रीची बोटं एकदा मोजा.

मिस्त्रीही काही संत नसतो, हे मान्य. चांगल्या पात्याचे पैसे घेऊन हलकं आणणारेही असतात. त्यावर उपाय सोपा आहे : बिजागऱ्या आणता तसं पातंही स्वतः निवडून आणा. काम संपलं की ते मिस्त्रीला देऊन टाका. धार लावून तो ते पुढच्या घरी वापरील. सगळ्या स्वयंपाकघराच्या हिशेबात ही रक्कम शोधायला भिंग लागेल.

आणि ती म्हण टाकून द्या असं मी म्हणत नाही. फक्त तोंडातून काढण्यापूर्वी अंगणाला एकदा डायल लावून बघा.