कृत्य पाहा, हेतू गृहीत धरू नका

एखाद्याच्या हातून माणूस मेला, तरी तेवढ्यावरून कायदा त्याला खुनी म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेत खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ आहे आणि निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूचं १०६. जीव दोन्हीकडे गेलेलाच असतो. करणाऱ्याच्या मनात काय होतं, यावर पुढचं सगळं ठरतं आणि ते सिद्ध करण्याचं ओझं आरोप करणाऱ्यावर असतं. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात वीसेक वर्षं वकिली करते आहे, बहुतेक कामं दिवाणी. जी काळजी आपण अनोळखी आरोपीच्या बाबतीत घेतो, ती घरातल्या माणसाच्या बाबतीत घेत नाही, हे मी फार जवळून पाहिलं आहे. घरात हेतू कुणी सिद्ध करत नाही. विसरली, म्हणजे तिला कुणाची किंमत नाही. चिडली, म्हणजे डोक्यात हवा गेली. रडली, म्हणजे नाटक. निकाल जागच्या जागी लागतो आणि त्यावर अपील नसतं.

मला एडीएचडी आहे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी निदान झालं, तेही मुलामुळे. शाळेतून तक्रारी येत होत्या म्हणून त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्या त्याच्याबद्दल एकेक विचारत गेल्या, मी सांगत गेले आणि सांगता सांगता जाणवलं की हे तर माझंच लहानपण आहे. डॉक्टरांच्याही ते ध्यानात आलं. ‘तुमच्यासाठी वेगळी वेळ घ्या,’ त्या म्हणाल्या. असं पुष्कळ घरांत घडतं, कारण हा विकार मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा ७० टक्क्यांच्या पुढे निघतो.

एडीएचडी म्हटलं की लोकांना वर्गात एका जागी न बसणारा मुलगा आठवतो. मोठ्या माणसाला असेल तर किल्ल्या हरवणं, कामं अर्धवट राहणं, वेळेचा अंदाज चुकणं. हे सगळं आहेच, पण त्यावर तजवीज करता येते. माझ्या टेबलावर वकिलीची डायरी असते, त्याच तारखा फोनमध्ये असतात आणि माझे कारकून रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची कामं मला वाचून दाखवतात. डायरीत जे मावत नाही, त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे. ते म्हणजे भावना.

‘मॅडम, तयारी करून येत चला,’ असं न्यायाधीश भर कोर्टात म्हणाले, तर माझ्या शेजारी बसणाऱ्या वकिलाच्या ते दुपारच्या चहापर्यंत लक्षातही राहणार नाही. मी ते वाक्य घरी घेऊन येते. भाजी चिरताना ते असतं, मुलाचा अभ्यास घेताना असतं. रात्री झोप उडते आणि जुन्या सगळ्या कामांतली बोलणी एकामागून एक आठवायला लागतात. पहाटेपर्यंत सनद परत करावी, इथवर विचार पोचलेला असतो. थोरल्या भावाचा ‘फोन कर, बोलायचंय’ एवढा मेसेज आला तरी हात गार पडतात. फोन लागेपर्यंत मी माझ्याकडून काय काय चुकलं असेल त्याची यादी केलेली असते. त्याला विचारायचं असतं सात-बाराच्या उताऱ्याबद्दल.

राग चढायला वेळ लागत नाही, तसा उतरायलाही लागत नाही. पंधरा मिनिटांनी मी शांत होऊन पोळ्या लाटत असते. समोरच्याच्या मनात मात्र माझा शब्द आठवडाभर राहतो आणि माझी शांतता पाहून त्याला वाटतं की हिला काहीच वाटत नाही. आनंदाचंही तसंच. वाटपाच्या एका दाव्यात एका म्हाताऱ्या बाईंना माहेरच्या जमिनीतला हिस्सा मिळाला, तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्यापेक्षा मी जास्त रडले आणि त्याच माझी पाठ थोपटत उभ्या राहिल्या. पक्षकाराचं दुःख मला लवकर कळतं, यात शंका नाही. पण ही देणगी आहे असं मी म्हणणार नाही. दिवसभर सगळंच पूर्ण ताकदीनं जाणवत राहिलं की रात्री अंगात त्राण उरत नाही.

वैद्यकशास्त्राला हे ठाऊकच नव्हतं असं नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे पॉल वेंडर यांनी १९७०च्या दशकात मोठ्या माणसांमधला हा विकार अभ्यासायला घेतला, तेव्हा त्यांच्या निकषांत भडकणारा राग, भराभर बदलणारी मनःस्थिती आणि जरासा ताण आला की कोलमडणं या गोष्टी होत्या. पण १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेनं या विकाराला अवधानाच्या कमतरतेचं नाव दिलं आणि भावना मागच्या बाकावर गेल्या. २०१३च्या पाचव्या आवृत्तीतही मुख्य १८ लक्षणांत त्यांना जागा नाही. चिडचीड, सहनशक्ती कमी पडणं, मन क्षणात पालटणं यांचा उल्लेख आहे, तो सोबत आढळणाऱ्या गोष्टींत. फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. एडीएचडी असलेल्या प्रौढांपैकी ३४ ते ७० टक्के लोकांना भावना आवरणं जड जातं, असा त्यांचा अंदाज आहे. तरीही यादीत नाही म्हणून डॉक्टर विचारत नाहीत आणि विचारलं जात नाही म्हणून रुग्ण सांगत नाही.

माझ्या डॉक्टरांनी मला हे सोप्या शब्दांत समजावलं. भावना प्रत्येकालाच होते. ती झाल्यावर, तोंडातून शब्द जाण्याआधी, क्षणभर थांबवण्याचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो. माझ्याकडे ते काम उशिरा होतं. भावना खोटी नसते आणि मुद्दाम वाढवलेलीही नसते, मधला थांबा तेवढा नसतो. हे कळलं त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची बाजू सापडली.

कारण तोवर बाजू नव्हतीच, शरम होती. प्रगतिपुस्तकावर दर वर्षी एकच शेरा असायचा, ‘हुशार आहे, पण मन लावत नाही.’ दहा वर्षांच्या मुलीला दर वर्षी हेच सांगितलं की ते तिला खरं वाटायला लागतं. मन लावणं आपल्या हातात आहे, आपण ते करत नाही, म्हणजे आपणच वाईट. पुढे परीक्षा पास होतात, पदवी मिळते, सनद मिळते, पण हा शेरा खोडला जात नाही. मोठेपणी कुणी साधं काही सुचवलं तरी तोच शेरा पुन्हा वाचून दाखवल्यासारखं होतं. टीका आणि नकार असे असह्य होण्याला अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ विल्यम डॉडसन यांनी ‘रिजेक्शन सेन्सिटिव्ह डिस्फोरिया’ हे नाव रूढ केलं. ते अधिकृत निदान नाही. पण ज्याला हा त्रास आहे, त्याला वर्णन वाचताच ओळख पटते.

बाईच्या बाबतीत हे ओझं दुप्पट होतं. आपल्या घरांत लक्षात ठेवणं हे बाईचं काम मानलं जातं. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपतात, नणंदेच्या मुलीची परीक्षा केव्हा आहे, कुणाच्या घरी भेटायला जायचं राहिलंय, हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं, दिरांच्या लग्नाचा वाढदिवस कधी. पुरुष यातलं काही विसरला तर ‘त्याच्या कामाच्या व्यापात राहून गेलं असेल’ म्हणतात. बाई विसरली तर ती माणूस म्हणून कमी ठरते. ज्या नणंदेला फोन करायचा राहिला, तिच्याबद्दल मला दिवसभर काळजी वाटत होती, हे कोणत्या पुराव्यानं दाखवायचं? शाळेतही मुली बहुधा बाक वाजवत नाहीत, खिडकीबाहेर बघत शांत बसतात. म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि निदान पुष्कळदा तिशी-चाळिशीत होतं. त्याआधी नैराश्य किंवा चिंतारोगाचे उपचार झालेले असतात. माझेही झाले होते. त्या गोळ्यांनी रडू थांबलं, पण ते कशाचं होतं ते कुणी शोधलं नाही.

औषधाबद्दल स्पष्ट लिहिते. मिथाइलफेनिडेट हे या विकारावरचं जुनं आणि बरंच अभ्यासलेलं औषध आहे. आपल्याकडे ते औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेत्यानं जपून ठेवायची असते. गैरवापर होऊ नये म्हणून हा नियम योग्यच आहे. पण तालुक्याच्या गावात ते दुकानदार ठेवतच नाहीत, त्यासाठी शहर गाठावं लागतं. अॅटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय आहे. कुणाला काय चालेल ते रक्तदाब, हृदयाचे ठोके आणि इतर आजार तपासून डॉक्टरच ठरवतात. माझ्या बाबतीत गोळीनं भावना काढून घेतल्या नाहीत. शब्द तोंडातून जाण्याआधी थोडी उसंत मिळाली आणि त्या उसंतीत काय करायचं ते मी समुपदेशनात शिकले.

‘आजकाल सगळ्यांनाच एडीएचडी असतो, मोबाईलचा परिणाम आहे,’ असं बार रूममध्येही ऐकते. निदानाचे निकष इतके सैल नाहीत. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, म्हणजे घरीही आणि कामावरही, आणि त्यांनी आयुष्यात खरी अडचण आणलेली असावी लागते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ‘मग काय, सगळं माफ करायचं?’ वकील म्हणून माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. दिवाणी कायद्यात निष्काळजीपणानं झालेलं नुकसानही भरून द्यावं लागतं. माझ्या शब्दानं कुणी दुखावलं, तर दुखावणं खरं आहे आणि ते भरून काढणं माझं काम आहे. मी तसं करतेही. हरकत आहे ती एवढीच, की नुकसानीवरून थेट दुष्टपणाचा निष्कर्ष काढू नये.

कायद्यानंही आपलं काम अर्धवट सोडलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचं अपंगत्व नोंदलं आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणजे नोकरीत कामाची थोडी वेगळी रचना मागायची तर हक्क म्हणून बोट ठेवायला कलम सापडत नाही, वरिष्ठांच्या भल्या मनावर विसंबावं लागतं. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नं मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा देण्याची सक्ती केली आहे, तिची अंमलबजावणी लोकांनी मागून घेतली पाहिजे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून चालू आहे. त्यात प्रौढांच्या एडीएचडीची तपासणी व्हावी आणि त्या तपासणीत राग, शरम, नकाराची भीती यांबद्दल नेमकं विचारलं जावं, ही माझी मागणी आहे. अभिनेते फहाद फासिल यांनी २०२४मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी निदान झाल्याचं जाहीरपणे सांगितलं. प्रसिद्ध माणसाला हे बोलता येतं. तालुक्याच्या वकिलाला, शिक्षकाला, बँकेतल्या कारकुनालाही नोकरीची भीती न बाळगता बोलता आलं पाहिजे.

घरात करायच्या गोष्टी मात्र कायद्याची वाट पाहत नाहीत. भाऊ आता मेसेजमध्ये आधी लिहितो, ‘काळजीचं काही नाही, उताऱ्याबद्दल विचारायचंय.’ मी आवाज चढवला की माझे यजमान ‘जेवणं झाल्यावर बोलू’ एवढंच म्हणतात आणि जेवणानंतर खरोखर बोलतात. विषय टाळत नाहीत, हे महत्त्वाचं. सासूबाईंनी गोळ्यांचं कॅलेंडर स्वतःकडे घेतलं. यातल्या कशालाही पैसे पडले नाहीत.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्याच्या वागण्याचा हिशेब जरूर मागा, पण ‘तुझं आमच्यावर प्रेमच नाही’ हा आरोप मागे घ्या. आणि हे वाचताना तुम्हाला तुमचंच लहानपण दिसलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून घ्या आणि तपासणीत विसरण्याइतकंच रागाबद्दल आणि शरमेबद्दलही सांगा. कुठे जायचं ते कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.