मंडालेची चुलत कोशिंबीर

मुलांनो, गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा तुम्ही पाहिलाच असेल. १९०८ साली इंग्रज सरकारने टिळकांना ६ वर्षांची शिक्षा ठोठावली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी ६ दिवस संप केला. एका वर्षाला एक दिवस! लालबाग-परळच्या काही जणांचे खापरपणजोबाही त्यात असतील. टिळकांना ठेवलं ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात. त्याआधी १८८५ साली मंडालेच्या थिबा राजाला इंग्रजांनी गादीवरून काढलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक गेले मंडालेला. केवढी ही अदलाबदल!

त्या ब्रह्मदेशाला आता म्यानमार म्हणतात. तिथल्या जेवणात आपल्या कोशिंबिरीसारखा एक पदार्थ असतो, 'थोक'. आपल्या ठोक बाजाराशी त्याचा काही संबंध नाही बरं का! थोक म्हणजे हाताने कालवलेलं. आल्याचं, टोमॅटोचं, इतकंच काय, आंबवलेल्या चहाच्या पानांचंही थोक होतं. आपण दही घालतो, ते भाजलेलं हरभऱ्याच्या डाळीचं पीठ घालतात. सोबत दाण्याचा कूट, लसूण आणि लिंबू. म्हणजे सगळं आपल्याच डब्यांतलं!

चला, करू या. कोबीची वरची पानं काढून टाका. पाव कोबी, एक गाजर, एक काकडी, एक टोमॅटो पिण्याच्या पाण्याने स्वच्छ धुऊन पुसून घ्या. पावसाळ्यात तर याचा कंटाळा मुळीच नको. कोबी आणि एक छोटा कांदा मोठ्यांकडून बारीक चिरून घ्या. गाजर किसा. काकडी-टोमॅटोच्या पातळ फोडी करा. दोन चमचे बेसन मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरडंच भाजा. कच्चं बेसन चालणार नाही. मग दोन मोठे चमचे तेलात लसणाच्या ४-५ पाकळ्यांचे काप बदामी रंगावर तळा. गॅसजवळ आई, बाबा किंवा आजी हवीच.

आता परातीत सगळं एकत्र करा. बेसन, दोन चमचे दाण्याचा कूट, तेलासकट लसूण, अर्ध्या लिंबाचा रस आणि कोथिंबीर घाला. दाणे सोसत नसतील तर भाजलेले तीळ घ्या. मीठ मात्र अगदी शेवटी, आणि स्वच्छ हातांनी कालवून लगेच वाढा. ब्रह्मदेशात यात सुकी कोळंबी घालतात. तुमच्याकडे चालत असेल तर भाजलेला जवळा घालून बघा.

मीठ शेवटी का? मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. ताटात कोशिंबीर पाणी सोडते ती यामुळेच. बेसन ते पाणी शोषून घेतं, म्हणून थोक कुरकुरीत राहतं.

मधल्या सुट्टीत मी रोज बघते. बटाट्याची भाजी चाटूनपुसून संपते आणि कोबी-गाजर डब्याच्या कोपऱ्यात तसंच उरतं. पण स्वतः कालवलेलं कुणी टाकत नाही! आईबाबांनो, पसारा होईल, पण एक रविवार परात मुलांच्या हाती द्या. मुलींच्या आणि मुलांच्याही!

आता गृहपाठ. आजीला विचारा, तुमच्या घरी कोशिंबिरी किती प्रकारच्या होतात? यादी करा. त्यात थोकला कितवा नंबर द्याल?